शाळेआधी बोर्डिंग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या एखाद्या मुलानं चौथी पास केली, की घरात पहिला विषय निघायचा तो जेवणाचा. पुढची शाळा तालुक्याला, हायस्कूल तर साताऱ्याला नाहीतर कऱ्हाडला. पोरगं राहणार कुठं आणि खाणार काय? गरीब ब्राह्मणाच्या मुलासाठी शहरात एक जुनी सोय होती. सात घरी सात वार लावायचे, नाहीतर माधुकरी मागायची, आणि कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची. या सोयीवर कितीतरी वकील, मामलेदार आणि पंडित घडले. त्यात हेटाळण्यासारखं काही नाही, पोटाला चिमटा घेऊन शिकलेली ती मुलं होती. पण कुणब्याच्या पोराला वार कोण लावून देणार? त्याच्या नात्यागोत्यातलं शहरात कुणी असलंच, तर ते स्वतःच कुठंतरी हमाली नाहीतर शिपाईगिरी करत असायचं. अस्पृश्य समाजातल्या मुलाला तर ओसरीही बंद होती. शाळेचं दार कागदोपत्री सर्वांना उघडं होतं, क्वचित फीही माफ व्हायची. मुक्कामाचं आणि भाकरीचं मात्र कुठल्याच खात्याच्या दप्तरात नव्हतं.

भाऊराव पायगोंडा पाटील यांनी पुढं रयत शिक्षण संस्था उभी केली, ती या अडचणीवर बोट ठेवून. आज त्यांचा फोटो शेकडो शाळांच्या कार्यालयात आहे. पांढरी दाढी, धिप्पाड अंग, खादीचे कपडे, हातात काठी. २२ सप्टेंबरला जयंतीची भाषणं होतात, आणि त्यांत त्याग, तळमळ, वटवृक्ष हे शब्द हमखास येतात. त्या भाषणांत भाऊरावांमधला कारभारी हरवून जातो. कोणती गोष्ट आधी करायची, कोणती नंतर, पैसा कुठून उभा करायचा, कोणाशी जमवून घ्यायचं आणि कोणाशी भांडायचं, हे ज्याला नेमकं कळत होतं असा माणूस. त्यांनी गोष्टी कोणत्या क्रमानं उभ्या केल्या ते पाहिलं, की हा कारभारी दिसायला लागतो.

त्यांचा जन्म १८८७ सालचा, कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजचा. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून, त्यामुळं बदलीच्या गावी बिऱ्हाड. मुलगा अंगानं दांडगा, अभ्यासात यथातथा. ऐतवड्यात अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यानं विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही गोष्ट त्या भागात अजून सांगतात.

शिकायला तो कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला आला, आणि नेमका अशा वेळी आला की ज्या अडचणीबद्दल वर लिहिलं, तिच्यावर त्या वेळी चाललेला एक मोठा प्रयोग त्याच्या डोळ्यांसमोर होता. शाहू महाराजांनी ही गाठ भाऊरावांच्या कितीतरी आधी ओळखली होती. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. प्रत्येक समाजाला स्वतंत्र बोर्डिंग देण्यामागं महाराजांचा हिशेब व्यवहारी होता. ज्या त्या समाजातल्या धनिकांनी आपल्या मुलांसाठी हात सैल सोडावा, पालकांनीही सोवळ्याओवळ्याची भीती न बाळगता पोरं पाठवावीत. त्या काळात दुसऱ्या कुठल्या वाटेनं इतकी मुलं शहरात येऊन शिकली असती, असं वाटत नाही.

भाऊराव राहायला जैन बोर्डिंगात होते. तिथले अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे, विद्वान आणि करारी गृहस्थ. तिथून भाऊरावांना काढून टाकण्यात आलं. कारणाच्या दोन-तीन हकिकती आहेत. सर्वांत प्रसिद्ध हकिकत अशी, की मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करायला सांगितलं गेलं आणि त्यांनी साफ नकार दिला. पुढं काही काळ त्यांचा मुक्काम महाराजांच्याच आश्रयाला होता. मॅट्रिक काही झालं नाही. गणितात ते इतके कच्चे होते, की त्यांना पास करण्याची शिफारस आली तेव्हा मास्तरांनी विद्यार्थ्याऐवजी त्याच्या बाकाला पुढच्या वर्गात पाठवण्याची तयारी दाखवली, असा किस्सा खुद्द संस्थेतली माणसंच हसत हसत सांगत आली आहेत.

बोर्डिंगची ताकद भाऊरावांनी कोल्हापुरात पाहिली आणि तिची मर्यादा स्वतःच्या अंगावर झेलली. निरनिराळ्या भिंतींआड निरनिराळ्या चुली पेटल्या, तर मुलं शिकतील, पण एकमेकांचा विटाळ मानतच शिकतील. ही बोच त्यांना पुढं आयुष्यभर पुरली.

कोल्हापूर सुटल्यावर त्यांनी साताऱ्यात खासगी शिकवण्या घेतल्या. ‘पाटील मास्तर’ हे नाव तेव्हाचं. १९१० च्या सुमारास मित्रांच्या साथीनं सांगलीजवळच्या दुधगावला सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू झालं. पुढच्या सगळ्या उद्योगाचं बीज तिथलं. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं आणि संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दबाव आला. लठ्ठ्यांच्या देखरेखीखालच्या बोर्डिंगातून बाहेर काढला गेलेला हा तरुण, जुना हिशेब चुकता करायला याहून सोयीची वेळ कोणती? भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायचं नाकारलं आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. तिथं त्यांचे इतके हाल झाले, की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला.

यानंतरची सात-आठ वर्षं चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकली जातात. मला ती फार महत्त्वाची वाटतात. या काळात भाऊराव विक्रेते होते. आधी ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. लोखंडाच्या फाळानं जमीन नासते अशी समजूत तेव्हा गावोगाव होती. अशा शेतकऱ्याला नांगर विकायचा, म्हणजे आधी त्याच्या ओट्यावर बसायचं, घोंगडीवर त्याच्याबरोबर भाकरी खायची, पीकपाण्याचं विचारायचं, आणि मग हळूच मुद्द्यावर यायचं. कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, सुगी कधी, खळ्यावर धान्य कधी पडतं, हातात रोकड कधी असते आणि कधी अजिबात नसते, हे या माणसाला पाठ झालं. पुढं शाळांसाठी गावं उठवताना त्यांनी जे केलं, त्याचं शिक्षण कुठल्याही कॉलेजात मिळालं नसतं. लठ्ठ्यांच्या बोर्डिंगानं त्यांना प्रश्न दिला आणि किर्लोस्करांच्या नांगरानं उत्तराची रीत शिकवली, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

पुढं साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांनी जीव ओतला. नफ्याचा काही भाग शिक्षणाला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ते जमलं नाही, दोघांचं बिनसलं आणि भाऊराव बाहेर पडले. नोकरीचा त्यांच्या आयुष्यातला अध्याय तिथं संपला.

मधल्या काळात मुख्य गोष्ट घडून गेली होती. १९१८ मध्ये पाऊस पडला नाही आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. दख्खनची खेडी त्या वर्षी अक्षरशः मोडून पडली. त्याच सुमारास मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचं वारं वाहत होतं. कौन्सिलांत ब्राह्मणेतर प्रतिनिधी जाणार हे दिसू लागलं होतं, आणि जाणार कोण, त्यांना वाचता-लिहिता येणार का, हा प्रश्न सत्यशोधक मंडळींच्या बैठकांत ऐरणीवर होता. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. ब्रिटिश मुलखातल्या साताऱ्यात तशी काही हालचाल नव्हती. अशा हवेत कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधकांची परिषद भरली, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

नाव शिक्षण संस्थेचं, पण तिच्याकडे हायस्कूल नव्हतं, कॉलेज तर दूरच. होतं ते बोर्डिंग. काले, नेर्ले अशा गावी वसतिगृहं निघाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी मुक्काम साताऱ्याला हलवला आणि तिथं मूठभर मुलांना घेऊन वसतिगृह सुरू केलं. मुलं शहरातल्या शाळांत शिकत, राहात आणि जेवत भाऊरावांकडे. पुढची दहा-अकरा वर्षं संस्थेचं मुख्य काम हेच राहिलं. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी इमारत बांधली असती, वर पाटी लावली असती आणि विद्यार्थ्यांची वाट पाहिली असती. भाऊरावांनी मुलांच्या पोटाची सोय केली आणि वर्ग दुसऱ्यांचे वापरले. खर्चाच्या दृष्टीनंही हे शहाणपणाचं होतं. शाळा काढायची तर मास्तरांचे पगार दर महिन्याला. बोर्डिंग काढायचं तर धान्य, आणि धान्य ही एकच गोष्ट अशी होती जी रोकड नसलेल्या गावाकडे मागता येत होती.

सुगीत खळ्याखळ्यावर जाऊन ज्वारी-बाजरी मागायची. ज्या पालकाला जमेल त्यानं पायली-दोन पायली धान्य द्यायचं, ज्याला जमणार नाही त्यानं नुसतं पोरगं द्यायचं. बायकांनी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला टाकावं, अशी मुष्टिफंडाची कल्पनाही गावोगाव नेली. नोकर-आचारी परवडणारे नव्हते, आणि परवडले असते तरी भाऊरावांनी ते ठेवले असते असं वाटत नाही. सरपण आणणं, पाणी भरणं, झाडलोट, स्वयंपाक, ताटंवाट्या, सगळं मुलांच्या पाळ्यांनी. भाकरी थापायची पाळी पाटलाच्या पोरावर आली, की त्याला थापावीच लागे. त्यानं थापलेली भाकरी मांगाचं पोर खाई, आणि दुसऱ्या दिवशी उलटं.

हे लिहायला सोपं आहे. १९२४ च्या साताऱ्यात ते किती अवघड होतं याची कल्पना यायला भाऊरावांच्या घराकडे पाहावं. पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्या खात्यापित्या जैन घरातल्या, सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या वळणात वाढलेल्या. नवऱ्यानं घरात सर्व जातींची मुलं आणली तेव्हा त्यांना ते जड गेलं. पण मग त्याच या मुलांच्या आई झाल्या. दुखणीखुपणी काढली, रात्री-अपरात्री उठल्या, माहेरचं सोनं एकेक करून बोर्डिंगच्या धान्यात गेलं. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ही हकिकत त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा पसारा वाढण्याआधीच. संस्थेच्या जमाखर्चात त्यांच्या नावावर किती रक्कम पडायला हवी याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, आणि चरित्रांत त्यांच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा फक्त मंगळसूत्राचा प्रसंग.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. निरनिराळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवताना पाहून गांधी प्रसन्न झाले. भाऊराव खादी वापरू लागले होते, गांधींना मानत होते, पण मूळचे सत्यशोधक. साताऱ्यात या दोन चळवळींचं फारसं सख्य नव्हतं. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांपैकी बरेच जण काँग्रेसकडे संशयानं पाहत, काँग्रेसवाले त्यांना सरकारधार्जिणे म्हणत. अशा वेळी गांधींच्या हातून शाहू महाराजांचं नाव बोर्डिंगला द्यायचं, हे दोन्ही बाजूंना एकाच पाटावर बसवण्यासारखं होतं. पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यातही सर्व जातींचं वसतिगृह काढलं. त्याचं नाव युनियन बोर्डिंग.

साताऱ्यातलं बोर्डिंग धननीच्या बागेत स्थिरावलं. तिथली शेती, झाडं, बांधकाम यांत मुलांचेच हात होते. कष्ट करून शिकायचं, कुणाच्या दयेवर शिकायचं नाही, ही शिस्त इथं पक्की झाली आणि ‘कमवा आणि शिका’ या नावानं पुढं महाराष्ट्रभर पोचली. भाऊरावांना दान नको होतं असं नव्हे, ते तर दारोदार मागत फिरत. पण मागणं संस्थेसाठी आणि कष्ट मुलाचे, ही वाटणी त्यांनी कधी मोडू दिली नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलाला रोज कुणाच्या तरी उपकाराचा घास गिळावा लागे; बोर्डिंगातल्या मुलानं स्वतः वाहून आणलेल्या सरपणावर भाकरी भाजलेली असे. मानेच्या ताठपणात याचा फरक पडतोच.

बोर्डिंगांतून मुलं व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, होऊन बाहेर पडू लागली, तेव्हा भाऊरावांनी दुसरं पाऊल उचललं. १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय सुरू झालं, नाव ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’. ही सिल्व्हर ज्युबिली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाची. अंगावर खादी आणि पाटीवर बादशहाचा रौप्यमहोत्सव! सरकारी मान्यता आणि पैसा यांसाठी भाऊरावांना अशा नावाचं वावडं नव्हतं. संस्थेचं नाव बदला म्हणून देणगीची थैली पुढं करणाऱ्याला मात्र त्यांनी परत पाठवलं, असंही सांगतात. कुठं वाकायचं आणि कुठं नाही, याची त्यांची स्वतःची एक फूटपट्टी होती.

शिक्षक आधी आणि शाळा नंतर, हा क्रम पुन्हा नेहमीच्या उलटा. पण लवकरच त्याचं चीज झालं. १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात आधी काही महिने हंगामी मंत्रिमंडळ आलं, त्याचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते तेच धनजीशा कूपर. मग काँग्रेसचे बाळासाहेब खेर आले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळायला तेच अण्णासाहेब लठ्ठे. भाऊरावांच्या आयुष्यातल्या जुन्या भांडणांची माणसं अशी एका वर्षात मुंबईच्या सचिवालयात येऊन बसली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. खेर सरकारनं व्हॉलंटरी शाळांची योजना आणली. ज्या गावात लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथं एखाद्या संस्थेनं शाळा काढावी, सरकार अनुदान देईल. इतर संस्था शिक्षक शोधत बसल्या. भाऊरावांकडे ते तयार होते, खेड्यातलेच, स्वतः भाकरी थापून खाणारे. जागा गावानं द्यायची, मग ते देऊळ असो, चावडी असो नाहीतर एखाद्याची पडवी. सातारा जिल्ह्याच्या डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा निघत गेल्या. वाढत वाढत त्या ५७८ झाल्या आणि नंतर जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या.

पहिलं हायस्कूल आलं १९४० मध्ये, संस्था स्थापन झाल्यावर एकवीस वर्षांनी. आदल्या वर्षी वारलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचं, मोफत आणि निवासी. १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. मधल्या काळात सातारा जिल्हा पेटला होता. बेचाळीसची चळवळ, मग नाना पाटलांचं प्रतिसरकार. संस्थेतले अनेक विद्यार्थी आणि शिक्षक त्यात होते, आणि भाऊरावांना ते ठाऊक नव्हतं असं मानणं भाबडेपणाचं होईल. सरकारी अनुदान घेणारी संस्था आणि सरकार उलथवायला निघालेली तिचीच पोरं, दोन्ही त्यांनी सांभाळलं.

मोठा पेच स्वराज्यात आला. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. एकीकडे हा पसारा, आणि दुसरीकडे त्यांनी काँग्रेस सरकारवर कडक टीका केलेली. भाऊराव बोलायला लागले की जिभेला लगाम नसे. त्यांच्या अवतीभवतीची कित्येक माणसं नव्या विरोधी पक्षांच्या बाजूची, हेही सरकारच्या डोळ्यावर आलं. १९४८ मध्ये रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवण्यात आलं. हुकूम काढणारं सरकार खेरांचंच, ज्यांच्या योजनेवर संस्थेच्या शेकडो शाळा उभ्या राहिल्या होत्या.

बोर्डिंगपुरती संस्था असती तर ती खळ्यावरच्या ज्वारीवर तगली असती. आता शेकडो शिक्षकांचे पगार होते, आणि पगार ज्वारीत देता येत नाहीत. भाऊरावांनी पुन्हा झोळी घेतली, गावं फिरले, लोकांनी दिलंही. पण सरकारी पैशाची जागा लोकवर्गणी काही महिने भरून काढू शकते, कायमची नाही, हे सर्वांना दिसत होतं. अखेर मध्यस्थीला गाडगे महाराज आले. हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी. या संन्याशाचा शब्द खेरांना मोडता येणार नव्हता. अनुदान पुन्हा सुरू झालं. १९५४ मध्ये कऱ्हाडला संस्थेचं कॉलेज निघालं, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं ते उगीच नव्हे.

या प्रसंगाकडे सरकारचा आकस आणि भाऊरावांचा विजय म्हणून पाहण्याची रीत आहे. मला त्यात संस्थेच्या आयुष्यातलं वळण दिसतं. १९४८ पर्यंत रयत लोकांच्या धान्यावर आणि मुलांच्या कष्टावर चालणारी, सरकारी मदत घेणारी संस्था होती. १०१ हायस्कुलांच्या संकल्पानंतर ती सरकारी अनुदानावर चालणारी, लोकांची मदत घेणारी संस्था झाली. हायस्कुलाला शिकवणारा पदवीधर लागतो, प्रयोगशाळा लागते, इन्स्पेक्टर लागतो. भाऊरावांना हे कळलं नसेल हे शक्य नाही. संख्या आणि स्वायत्तता यांत त्यांनी संख्या निवडली. शाळा नसलेली गावं डोळ्यांपुढं असताना दुसरी निवड त्यांना करता आली नसती, आणि ती त्यांनी केली असती तर आज आपण त्यांना दोष दिला असता.

शेवटची दहा वर्षं विस्ताराची. हायस्कुलं सातारा-सांगली ओलांडून नगर, पुणे, सोलापूर, कुलाबा अशी पसरली. तुटपुंज्या वेतनावर संस्थेला आयुष्य वाहणारे आजीव सदस्य हा त्या विस्ताराचा खरा कणा. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतलं ठळक नाव. बोर्डिंगातून विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेला हा विद्यार्थी वकिली थाटायची सोडून संस्थेत परतला, प्राचार्य झाला, पुढं शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही. इस्माईलसाहेब मुल्ला यांच्यासारखे सहकारी आयुष्यभर संस्थेच्या पाठीशी राहिले. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि पुणे विद्यापीठानं मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचं निधन झालं. तोवर त्यांच्या हातून ३८ वसतिगृहं, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ अध्यापन विद्यालयं, १०८ हायस्कुलं आणि ३ कॉलेजं निघाली होती.

परिणाम मोजायचे तर पहिला डोळ्यांत भरतो तो राजकारणातला. १९६० नंतरच्या महाराष्ट्रात साखर कारखाने, जिल्हा परिषदा आणि सहकारी बँका ज्या पिढीनं ताब्यात घेतल्या, तिच्यातले पुष्कळ जण अशाच शाळा-बोर्डिंगांतून आलेले होते. एन. डी. पाटलांसारखे त्या सत्तेशी आयुष्यभर भांडलेलेही तिथूनच आले. शिकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी सत्ता मिळवली आणि मग शिक्षणसंस्थाही सत्तेचा भाग झाल्या. रयतच्या आज ७०० हून अधिक शाखा आहेत, आणि संस्थेच्या कारभारात राजकारण्यांचा वावर हा नेहमीचा चर्चेचा विषय आहे. मुलींच्या वाट्याला हे सगळं उशिरा आणि कमी आलं. मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं खरं, पण बोर्डिंगची मूळ कल्पना घर सोडून राहणाऱ्या मुलाभोवती रचलेली होती, आणि शेतकऱ्याच्या घरातून मुलगी परगावी राहायला पाठवणं भाऊरावांच्या शब्दालाही सहज शक्य झालं नाही. मुलींना खरा उपयोग झाला तो गावात हायस्कूल आल्यावर.

गावोगाव हायस्कूल आलं तसं बोर्डिंगचं महत्त्वही ओसरलं. ज्या गोष्टीपासून संस्था सुरू झाली, तिची निकड संस्थेच्याच यशानं कमी केली. पण तिच्याबरोबर एका चुलीवरचा स्वयंपाकही मागं पडला. स्वतंत्र महाराष्ट्रानं भाऊरावांकडून खेड्यापाड्यांतल्या शाळा घेतल्या, अध्यापन विद्यालयं घेतली, ‘कमवा आणि शिका’ ही योजना तर विद्यापीठांनी त्यांच्या नावासकट घेतली. वसतिगृहांच्या बाबतीत मात्र सरकारनं वाट धरली ती शाहू महाराजांच्या १९०१ च्या कोल्हापूरची. समाजकल्याण खात्याची वेगळी, आदिवासी विकास खात्याची वेगळी, इतर मागासवर्गीयांची वेगळी. गरजू मुलांपर्यंत पैसा पोचवायला ही रचना सोयीची आहे आणि तिच्यामुळं लाखो मुलं शिकली. महाराजांनी ती पहिली पायरी म्हणून घातली होती आणि भाऊरावांनी १९२४ मध्येच तिच्यावरची पायरी बांधून दाखवली होती. त्या दुसऱ्या पायरीसाठी सरकारच्या अंदाजपत्रकात आजवर खातं उघडलेलं नाही.